टॅली जुळत नाही

रात्रीचे अडीच वाजलेत, वॉर्डातले सगळे लाईट बंद, फक्त सिस्टरच्या टेबलावरचा एक चालू, आणि नाना बेडवर उठून बसून चादर मोजतायत. खरंच मोजतायत. उजव्या हाताचं बोट जिभेला लावायचं, चादरीची कडा चिमटीत धरून एक घडी सरकवायची, परत बोट जिभेला. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, आणि शंभर यायच्या जागी एकदम एकाहत्तर. मग थांबायचे, कपाळाला आठी घालून माझ्याकडे बघायचे. "टॅली जुळत नाहीये. एक शीट कमी येतंय. आता गेट उघडत नाहीत."

नाना म्हणजे माझे वडील. वय ७६, नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून २००९ ला रिटायर झालेले. जेलरोडला आमच्या आजूबाजूला निम्मी घरं प्रेसवाल्यांची, त्यामुळे टॅली हा शब्द आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. दिवसभराचा कागद शेवटच्या शीटपर्यंत जुळला की मगच घरी, असं नाना सांगायचे, आणि त्यांना उशीर झाला की आई कुकर न लावता बसून राहायची, म्हणायची टॅली जुळली नसेल. तर सोळा वर्षांनी ती टॅली परत आमच्या घरात आली आणि तीही हॉस्पिटलच्या चादरीवर.

सुरुवात साध्या तापाने झाली, ऑगस्टमधली गोष्ट. पाऊस लागून राहिलेला, घरोघरी सर्दी-खोकला, आमच्याकडे आधी पोराला झालं मग नानांना. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या, नेहमीच्याच, ज्या खाऊन झोप येते त्या. (या गोळ्यांचं पुढे येतंय, लक्षात ठेवा.) तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला नाना कपडे घालून दारात उभे, माझा पास कुठाय, पहिली पाळी आहे, डबा झाला का. मी सेकंड शिफ्ट करून नुकताच झोपलेलो, मला वाटलं झोपेत बोलतायत, आत नेऊन झोपवलं. अंगाला हात लावला तर ताप पण फार नव्हता. सकाळी मात्र बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन ८८, मग काय, रिक्षा, हॉस्पिटल, स्वॅब. इन्फ्लुएन्झा ए निघाला. छातीत डाव्या बाजूला न्यूमोनिया.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, लिहून काही होणार नाही आणि ट्रीटमेंट वाईट होती असंही नाही, ऑक्सिजन, टॅमीफ्लू, अँटिबायोटिक सगळं वेळेवर. पण पहिल्या दोन रात्री जे झालं ते मी विसरणार नाही. दिवसा नाना बरे असायचे, म्हणजे मला ओळखायचे, चहा मागायचे, आणि संध्याकाळी सहा-साडेसहा झाले की कुणीतरी बटण दाबल्यासारखा माणूस बदलायचा. सलाईन ओढायचे, लघवीची नळी ओढायचे, सिस्टरला इन्स्पेक्टर समजून खिसे उलटे करून दाखवायचे की बघा माझ्याकडे काही नाही. खिसे नव्हतेच हो, हॉस्पिटलचा गाऊन तो. तरी ते दोन्ही बाजूंना चिमटीत धरून दाखवायचे. पहिल्या रात्री मी घरी गेलो होतो, सकाळी येऊन बघतो तर दोन्ही मनगटं बँडेजपट्टीने कठड्याला बांधलेली आणि चष्मा, कानाचं मशीन दोन्ही ड्रॉवरमध्ये, "हरवेल म्हणून" ठेवलेले. वॉर्डबॉय मामा म्हणाले बाबांनी रात्री लय त्रास दिला.

मग लोकांचे सल्ले. शेजारच्या बेडच्या मावशी हळूच म्हणाल्या, बाहेरचं काही असेल तर बघून घ्या, पलीकडे म्हसरूळला एक जण आहेत. माझा मामेभाऊ म्हणाला म्हातारपणाचा चळ आहे, आता हे असंच राहणार, तयारी ठेव. गावाकडची आत्या फोनवर म्हणाली वात झालाय, तापात वात होतो. गंमत म्हणजे खऱ्या कारणाच्या सगळ्यांत जवळ आत्याच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक डॉक्टर मॅडम आल्या, राउंडच्या वेळी नाही, वेगळ्या, सावकाश. स्टूल ओढून नानांच्या समोर बसल्या. आधी मला विचारलं, हे असं अचानक झालं का हळूहळू? महिनाभर आधी हिशोब, फोन, बँक सगळं स्वतः करायचे का? म्हणलं करायचे, मला पैसे उसने द्यायचे. मग विचारलं दारू रोज घेतात का, रोजची दारू एकदम बंद झाली तरी असं होतं म्हणून विचारतेय. आईला तो प्रश्न इतका लागला की ती मॅडमशी पुढचे दहा मिनिटं बोललीच नाही. नंतर त्या नानांना म्हणाल्या, बाबा, वर्षाचे महिने उलटे सांगा बरं, शेवटच्यापासून. नाना खूश. "फाल्गुन, माघ, पौष..." मॅडम हसल्या, म्हणाल्या चालेल, हेच सांगा. "पौष... पौषात हळदी-कुंकू... हळद महाग झाली..." आणि गाडी गेली. परत महिन्यांवर आलीच नाही. ज्या माणसाला पंचांग पाठ त्याला पौषाच्या मागे मार्गशीर्ष सापडेना, म्हणजे विसरले होते असं नाही, तिथपर्यंत लक्षच टिकत नव्हतं.

मॅडमनी सांगितलं याला डिलिरियम म्हणतात. हा डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणचा स्मृतिभ्रंश, नाही, वेड नाही. डिमेन्शिया महिने-वर्षं घेतो, हे तास-दोन दिवसात येतं, दिवसभरात कमी-जास्त होतं आणि सगळ्यात आधी जातं ते लक्ष. ओळखायची एक ठरलेली पद्धत आहे, शेरॉन इनोये नावाच्या डॉक्टरीण बाईंनी १९९० मध्ये आणली, पाच मिनिटांचं काम, मशीन लागत नाही. पण कुणीतरी समोर बसून विचारायला लागतं ना, आणि त्या दोन दिवसात नानांचं बीपी दिवसातून सहा वेळा मोजलं होतं आणि महिने एकदाही कुणी विचारले नव्हते.

मी म्हणलं मॅडम, व्हायरस डोक्यात गेलाय का. त्या म्हणाल्या बहुतेक वेळा व्हायरस स्वतः मेंदूत जात नाही, सीटी पण नॉर्मल आहे. शरीर व्हायरसशी भांडताना जी सूज, जी केमिकल रक्तात सोडतं त्याचा मेंदूवर परिणाम होतो, त्यात ऑक्सिजन कमी, त्यात सोडियम १२४, ते १३५ च्या वर पाहिजे, त्यात झोप नाही, अनोळखी जागा, चष्मा नाही, ऐकू येत नाही. मी अंबडला कंपनीत मेंटेनन्सला आहे, मला ते माझ्या भाषेत कळलं, वायरिंग जळालेलं नाही, व्होल्टेज डाऊन आहे आणि लोड मात्र सगळा एकदम टाकलाय. तरुण माणसाची लाईन तेवढं ओढते, नानांची ७६ वर्षांची लाईन ट्रिप झाली.

आणि गोळ्या. मॅडमनी विचारलं घरी काय काय दिलं, मी पाकिटाचा फोटो दाखवला, त्यांनी मान हलवली. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते, क्लोरफेनिरामाईनवाल्या, त्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं आणखी गोंधळवतात, मेंदूत लक्ष ठेवायला लागणारं जे ॲसिटिलकोलीन असतं त्यालाच त्या अडवतात. चार रुपयांची गोळी. मी स्वतःच्या हाताने सकाळ-संध्याकाळ दिली होती. त्या म्हणाल्या तुमच्यामुळे झालं असं नाही, एका कारणाने होत नाही हे, पण परत देऊ नका. आणि रात्री झोपेचं इंजेक्शन द्या म्हणून मीच सिस्टरच्या मागे लागलो होतो, तर तेही त्यांनी समजावलं, झोपेची काही औषधं उलट डिलिरियम वाढवतात. २०२१ ला लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिनमध्ये १४ देशांमधल्या आयसीयूतल्या २०८८ कोविड पेशंटांचा अभ्यास आलाय, मी नंतर शोधून वाचला. निम्म्याहून जास्त, ५५ टक्के लोकांना डिलिरियम झालेला, बेन्झोडायझेपिन गटातली गुंगीची औषधं ज्यांना चालू होती त्यांच्यात धोका जास्त दिसला, आणि ज्यांना घरचं माणूस भेटलं, प्रत्यक्ष किंवा नुसतं व्हिडिओवर, त्यांच्यात कमी. हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. का ते पुढे सांगतो.

मग आम्ही कामाला लागलो. हात सोडले, अट एकच की चोवीस तास घरचं कुणीतरी बसणार. मी, बायको, ताई पुण्याहून आली, भाचा, पाळ्या लावल्या, प्रेससारख्याच तीन. चष्मा डोळ्यांवर, कानात मशीन (सेल संपलेले होते, शालीमारहून आणले). घरचं कालनिर्णय आणून समोर खिळ्याला लावलं, भिंतीवरचं घड्याळ पण. बेड खिडकीजवळ मागून घेतला. लघवीची नळी शक्य तितक्या लवकर काढायला लावली. दिवसा झोपू द्यायचं नाही, दोन माणसं धरून व्हरांड्यात चालवायचं, पाणी पाजत राहायचं, रात्री लाईट बंद, मोबाईल बंद. ऐकायला किती फालतू वाटतं ना, याच्यासाठी डॉक्टर कशाला पाहिजे. पण त्याच इनोये बाईंनी १९९९ मध्ये ८५२ वयस्कर पेशंटांवर हेच करून बघितलं होतं, चष्मा, कान, पाणी, चालणं, झोप, आणि डिलिरियम १५ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आत आला. हे खात्रीने करणारं औषध अजून नाही. मेडिक्लेमवाल्यांना मात्र चष्मा डोळ्यांवर ठेवण्याचं बिल लावता येत नाही, म्हणून बहुतेक कुणी करत नसावं.

मॅडमनी एक बजावलं होतं, वाद घालू नका आणि खोटंही बोलू नका, सांगा की तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात, मी इथे आहे, सगळं ठीक आहे. मी दोन रात्री तसंच केलं. तिसऱ्या रात्री, तीच चादरवाली, साडेतीन वाजेपर्यंत मोजणी चालू होती आणि त्यांचं जिभेला लावून लावून बोटाचं टोक पांढरं पडलेलं, तेव्हा मी म्हणलं, "नाना, जुळली टॅली. साहेबांनी सही केली. गेट उघडलंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "तू कुठल्या सेक्शनचा?" आणि परत पहिल्यापासून मोजायला लागले. खोटं बोललो ते बोललो, वर ते पकडलं पण गेलं.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी सकाळी आईला सांगत होतो, व्हरांड्यात, ती डबा घेऊन आलेली. मला वाटलं ती घाबरेल. ती ऐकत होती, झाकण लावता लावता थांबली आणि म्हणाली, "मला पाणी दिसायचं."

म्हणलं कधी? म्हणे कोविडमध्ये.

मे २०२१. आई तेव्हा ६७ ची. ज्यांनी तो एप्रिल-मे नाशिकमध्ये काढलाय त्यांना सांगायला नको, २१ एप्रिलला महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनच्या टाकीची गळती होऊन इतके जीव गेले होते आणि त्यानंतर पंधरा-वीस दिवसात आईला आम्ही बेड शोधत फिरत होतो. मिळाला. चौदा दिवस ॲडमिट, त्यातले पाच आयसीयूत बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवर. आत कुणाला सोडत नव्हते. (घरचं माणूस भेटण्याचं ते वाक्य तीन वेळा वाचलं ते यासाठी.) रोज संध्याकाळी आतून फोन यायचा, "आजी शांत आहेत, काही त्रास नाही त्यांचा." बाकीच्यांचे नातेवाईक सांगायचे आमचा पेशंट मास्क काढून फेकतोय, ओरडतोय, आणि आम्ही मनात म्हणायचो देवाची कृपा, आपली आई शांत आहे. एकदा तिथल्या कामाच्या मावशींनी व्हिडिओ कॉल लावून दिला, आई नुसती वर बघत होती, हाक मारली तर डोळे हलले आणि परत वर. मला वाटलं थकलीय.

"बेडखाली पाणी यायचं," आई म्हणाली. "गढूळ, गंगेचं. आणि पलीकडच्या भिंतीशी दुतोंड्या मारुती उभा. आधी त्याच्या गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. मी पाय वर घेऊन पडून राहायचे. जरा हलले की पलंग वाहत जाईल असं वाटायचं. ते पांढऱ्या कपड्यातले लोक त्या पाण्यातनंच चालत यायचे, मला वाटायचं सांगावं यांना, भिजाल, पण शब्दच फुटायचा नाही."

बाहेरच्यांसाठी, रामकुंडापाशी दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती आहे आणि नाशिकमध्ये गोदावरीचा पूर, आम्ही गंगाच म्हणतो तिला, मीटरमध्ये मोजत नाहीत, मारुतीच्या अंगावर मोजतात. आईचं माहेर पंचवटीत. १९६९ चा महापूर तिने पंधरा वर्षांची असताना गच्चीवरून बघितलेला.

म्हणजे ती शांत नव्हती. चार वर्षं आम्ही ज्याला शांत म्हणत होतो ती पुरात अडकलेली बाई होती आणि हलायला घाबरत होती. मी तिला विचारलं सांगितलं का नाहीस. म्हणे, "काय सांगणार, म्हणाला असतात हिला वेड लागलं. आणि तुमच्या सगळ्यांची तोंडं आधीच उतरलेली."

मॅडमना विचारलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. डिलिरियमचे दोन चेहरे, एक गोंधळ घालणारा, एक गप्प पडून राहणारा, आणि काही जणांत दोन्हीची भेसळ. गोंधळवाला सगळ्यांना दिसतो कारण तो त्रास देतो. गप्पवाला कुणालाच त्रास देत नाही म्हणून त्याच्या कागदावर "पेशंट शांत" लिहून पुढे जातात. म्हाताऱ्यांत तर कधी कधी डिलिरियम हेच आजाराचं पहिलं लक्षण असतं. २०२० मध्ये अमेरिकेत इमर्जन्सीत आलेल्या ६५ वर्षांवरच्या ८१७ कोविड पेशंटांपैकी २८ टक्क्यांना येतानाच डिलिरियम होता आणि त्यातल्या ३७ टक्क्यांना ताप, दम असलं ओळखीचं काहीच नव्हतं. नाना पहाटे तीनला पास मागत होते ना, अंग गरम नव्हतं, ऑक्सिजन मी बघितलाच नाही तेव्हा.

आता मला आईचं कोविडनंतरचं वर्ष पण वेगळं दिसायला लागलंय. ती घरी आली, रिपोर्ट सगळे छान, डिस्चार्ज कार्डावर न्यूमोनिया बरा झाला एवढंच. डिलिरियम हा शब्द कुठेच नाही. पण त्या होळीला तिला पुरण जमेना. चव गेली म्हणून नाही, क्रम गेला. डाळ शिजली, गूळ काढून ठेवला, मग कणीक भिजवायला घेतली, मधेच वेलची सोलत बसली, आणि मग ओट्याजवळ नुसती उभी, पुढे काय ते समजेना. आम्ही हसलो. माझ्या बायकोने पुढचं केलं. आणि भिशी. बिल्डिंगच्या बायकांची भिशी अठरा वर्षं आईकडे, वही तिची, पैसे तिच्याकडे, एका रुपयाचा घोळ कधी नाही. त्या दिवाळीच्या आसपास तिने वही दुसऱ्या बाईंना देऊन टाकली, म्हणे कंटाळा आला. कंटाळा आलेला नव्हता. २०१३ चा एक मोठा अभ्यास आहे, आयसीयूतून बाहेर पडलेल्या लोकांचा, कोविडच्या कितीतरी आधीचा, तीन महिन्यांनी तपासलं तर दहातल्या चार जणांची बुद्धी डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसाइतकी खाली आलेली, वर्षानंतरही तीनातल्या एकाची तशीच, आणि डिलिरियम जितके जास्त दिवस तितकं नंतरचं नुकसान जास्त. आम्हाला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही काय केलं असतं माहीत नाही, पण निदान हसलो नसतो. आईचं पुष्कळ परत आलं, पुरण दोन वर्षांनी जमलं, वही तिने परत घेतली नाही.

नाना सहाव्या दिवशी निवळले. सोडियम वर आलं, ऑक्सिजन काढला, आणि एका सकाळी उठून म्हणाले हे कालनिर्णय आपल्या घरचं इथे काय करतंय. मी बाहेर जाऊन रडून घेतलं. डिस्चार्जच्या वेळी मी मॅडमच्या मागे लागून कार्डावर डिलिरियम लिहून घेतलं, पुढच्या वेळी कुठेही ॲडमिट करावं लागलं तर पहिलं तेच दाखवायचं. घरी आल्यावर महिनाभर त्यांचं वाचन होत नव्हतं, पेपर हातात धरून एकाच पानावर. लाईटबिल दोनदा भरलं. आता बरंच सुधारलंय, रमीत मला परत हरवतात, फक्त पत्ते लावायला वेळ घेतात आणि आम्ही कुणी घाई करत नाही.

सप्टेंबरमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं तेव्हा संध्याकाळी टीव्हीवर रामकुंड दाखवत होते. दोघं सोफ्यावर, मी खाली बसून मोबाईल बघत होतो. नाना बराच वेळ बघत राहिले, मग एकदम म्हणाले, "तुझ्या वेळी कुठपर्यंत आलं होतं गं?"

आईने न वळता हात कमरेला लावून दाखवला.

"मग सराफ बाजारात शिरलं नसणार अजून."

"मी काय बघायला गेले होते का बाजारात," आई म्हणाली. मग जरा थांबून, "अहो, आणि तुमचं ते शीट? सापडलं का शेवटी?"

नानांनी खरंच आठवून बघितलं. "नाही," म्हणाले. "एक कमीच होतं."